सांडव्याला जाळी

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचं लेखी रूप. बोलताना जिथं अडखळलो तेवढं काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.)

आजची गोष्ट अमेरिकेतली आहे, १८८९ सालची. पण सुरुवात पातूरपासून करतो, कारण मला ती तिथंच आठवली.

गेल्या उन्हाळ्यात मी घरी गेलो होतो. पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी, त्यामुळे घरी गेलं की पहिले दोन दिवस खाणं आणि झोपणं. तिसऱ्या दिवशी मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, म्हणाले, "चाल, वावरात जाऊन येऊ. तुले एक काम सांगतो."

आमचं वावर घाटाच्या पायथ्याशी आहे. तिथं नाल्यावर एक मातीचा बांध आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतर आजोबांनी स्वतःच्या पैशानं घातलेला, विहिरीला पाझर मिळावा म्हणून. उंची जेमतेम चार माणसांची. पावसाळ्यात मागं छान तळं भरतं. मोठ्या बाबांना तिथं कृषी पर्यटन सुरू करायचंय. मी वेबसाइट करून द्यायची, बुकिंगची सोय करायची.

"दोन बोटी घेतो. मासे पकडाले गळ देऊ. हिवाळ्यात हुरडा," ते सांगत होते. "फक्त सांडव्याले जाळी लावा लागते. दरसाली मासे वाहून जातात. अन् बांधाचा माथा जरासा छाटून रुंद करतो, म्हणजे पाव्हण्याची गाडी वरून पल्याड जाईन."

सांडव्याला जाळी. माथा छाटून रुंद. मंडळी, हे दोन शब्द ऐकले आणि मी बांधावर तसाच उभा राहिलो. कारण हेच दोन बदल, याच दोन कारणांसाठी, मी एका ठिकाणी वाचले होते. त्या धरणाचं नाव साऊथ फोर्क. ते फुटलं तेव्हा २,२०९ माणसं गेली.

आधी थोडं मातीच्या धरणाबद्दल

मी सिव्हिलवाला नाही, बीटेक कम्प्युटरचं. तरी एवढं समजायला डिग्री लागत नाही. मातीचं धरण म्हणजे दाबून बसवलेला मातीचा ढीग. मध्ये चिकण मातीचा गाभा, बाजूंनी मुरूम आणि भराव, पाण्याच्या अंगाला दगडांचं पिचिंग. नीट बांधलं तर शंभर-दीडशे वर्षं टिकतं.

पण त्याला एक गोष्ट अजिबात चालत नाही: पाणी माथ्यावरून वाहणं. काँक्रीटची किंवा दगडी भिंत थोडा वेळ ते सोसू शकते. मातीवरून पाणी वाहायला लागलं की ते मागच्या उतारावरची माती घेऊन जातं, घळ पडते, घळीतून आणखी पाणी येतं, आणि काही तासांत सगळं संपतं.

म्हणून मातीच्या धरणाचा जीव तीन गोष्टींवर असतो. एक, माथ्याची उंची. दोन, सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी बाजूनं निघून जायची वाट. तीन, तळाशी विमोचक, म्हणजे पाइप आणि झडप, ज्यातून तळं हवं तेव्हा खाली करता येतं. दुरुस्ती करायची तर आधी पाणी उतरवावं लागतं, आणि पाणी उतरवायला हा नळ लागतो.

साऊथ फोर्कला या तिन्ही गोष्टी होत्या. त्या एकेक करून गेल्या. आणि प्रत्येक वेळी कारण इतकं साधं होतं की तिथं आपण असतो तर आपणही मान हलवली असती.

कामाचं धरण, बिनकामाचं धरण

अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया राज्य. तिथल्या सरकारला जॉन्सटाऊन ते पिट्सबर्ग या कालव्यात उन्हाळ्यातही बोटी चालवायच्या होत्या, म्हणून डोंगरात पाणी साठवायचं ठरलं. काम रखडत रखडत १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झालं. उंची ७२ फूट, म्हणजे सुमारे २२ मीटर. लांबी ९३१ फूट. तळाशी दोन-दोन फूट व्यासाचे पाच बिडाचे पाइप.

आणि धरण तयार होता होता रेल्वे आली. कालव्याची गरजच संपली. सरकारी कामांचं हे जगभर सारखंच दिसतं.

१८५७ मध्ये सरकारनं कालव्यासोबत धरणही रेल्वे कंपनीला विकलं. रेल्वेला त्याचं काही काम नव्हतं. १८६२ मध्ये तळाची मोरी ढासळली आणि धरणाचा एक भाग फुटला, पण तळ्यात पाणी कमी होतं म्हणून खाली फारसं कुणाचं बिघडलं नाही. माझ्या मते सगळ्यात घातक गोष्ट हीच. एकदा फुटूनही काही झालं नाही, की माणसं निर्धास्त होतात.

१८७५ मध्ये ते जॉन रायली नावाच्या एका काँग्रेस सदस्यानं विकत घेतलं. त्यानं पाचही बिडाचे पाइप काढले आणि भंगारात विकले. त्याच्या दृष्टीनं ते पडीक धरण होतं, त्यातल्या लोखंडाचे चार पैसे आले तर काय वाईट? तळं खाली करायचा नळ असा गेला. तीनपैकी एक संपली.

१८७९ मध्ये रायलीकडून बेंजामिन रफ यांनी जागा घेतली, आणि इथून ते धरण हौसेचं झालं. पिट्सबर्गच्या श्रीमंतांसाठी त्यांनी क्लब काढला: साऊथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब. सभासद कोण? पोलादवाले अँड्र्यू कार्नेगी, कोळसा आणि कोकवाले हेन्री क्ले फ्रिक, बँकवाले अँड्र्यू मेलन. क्लबनं फुटलेली जागा भरली, पण माती, दगड, झाडाच्या फांद्या, गवत, शेण-लीद, जे मिळेल त्यानं. पाइप परत बसवलेच नाहीत. १८८१ मध्ये क्लब सुरू झाला. तीन किलोमीटर लांब तळं, बोटी, काठावर टुमदार बंगले.

आता ते दोन बदल. धरणाच्या माथ्यावरून घोडागाड्या जायच्या. समोरासमोर दोन गाड्या सुटाव्यात म्हणून माथा काही फूट छाटून रुंद केला. मातीचा बांध वर निमुळता असतो, त्यामुळे रुंदी हवी तर उंची द्यावी लागते. शिवाय भराव मध्यभागी थोडा बसला होता. म्हणजे धरणाचा मधला भाग, जो सगळ्यात उंच हवा, तोच सगळ्यात खाली. उंची गेली.

आणि तळ्यात खास आणून सोडलेले बॅस मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी लोखंडी जाळ्या बसवल्या. सांडवाही गेला.

ज्यानं विचारलं तो

धरणाखाली साधारण २२ किलोमीटरवर जॉन्सटाऊन. तळ्यापेक्षा सुमारे ४५० फूट खाली, अरुंद खोऱ्यात, पोलादाचा कारखाना आणि कामगारांची वस्ती. आजूबाजूची गावं धरून ३०,००० माणसं.

कुणीच विचारलं नाही असं नव्हतं. कँब्रिया आयर्न कंपनीचे प्रमुख डॅनियल मोरेल यांनी १८८० मध्येच जॉन फुल्टन या इंजिनिअरला धरण पाहायला पाठवलं. फुल्टन यांनी दोन गोष्टी लिहून दिल्या: पाणी उतरवायला पाइप नाही, त्यामुळे दुरुस्ती करता येत नाही, आणि धरणाला गळती आहे. रफ यांचं उत्तर थोडक्यात असं, की तुमच्या लोकांना आमच्यापासून काही धोका नाही. मोरेल यांनी दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलायची तयारी दाखवली. क्लबनं नकार दिला. शेवटी मोरेल यांनी क्लबचं सभासदत्वच घेतलं. १८८५ मध्ये ते वारले, १८८७ मध्ये रफही वारले. प्रश्न विचारणारा गेला आणि उत्तर देणाराही गेला. धरण तसंच उभं होतं.

आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. कोड एकानं लिहिलेला, दुसऱ्यानं विकत घेतलेला, तिसरा चालवतोय, आणि कुठली ओळ का लिहिली होती हे सांगणारा कंपनी सोडून गेलाय. फरक इतकाच, की आमचा सर्व्हर पडला तर कुणी बुडत नाही.

३१ मे १८८९

आदल्या रात्रीपासून पाऊस. चोवीस तासांत सहा ते दहा इंच, म्हणजे १५० ते २५० मिलिमीटर. हा आकडा आपल्याला परका नाही. जुलै २०२१ मध्ये अकोल्यात एका रात्रीत २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला आणि मोर्णा शहरात शिरली होती, आठवतंय ना?

सकाळी क्लबचे अध्यक्ष एलायस अंगर यांनी पाहिलं तर पाणी माथ्याला टेकायला आलं होतं. मजूर लावून माथ्यावर माती टाकली. दुसऱ्या बाजूनं नवी वाट खोदायला घेतली, पण खाली कडक जमीन. सांडव्याच्या जाळ्या काढायचा प्रयत्न केला, पण फांद्या आणि पालापाचोळा अडकून त्या घट्ट बसल्या होत्या.

जॉन पार्क हा क्लबचा तरुण इंजिनिअर, वय जेमतेम तेवीसच्या आत. तो घोड्यावरून खाली साऊथ फोर्क गावात गेला आणि तारेनं इशारा पाठवायला सांगितलं. इशारे गेले. पण धरण फुटणार अशी हूल तिथं दरवर्षी उठायची. बहुतेकांनी मनावर घेतलं नाही. खोटे अलर्ट फार झाले की खऱ्याकडेही कुणी बघत नाही, हे मोबाइल वापरणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

दुपारी तीनच्या सुमाराला धरण गेलं. साधारण १४ दलघमी पाणी. आपल्या पातूरजवळच्या मोर्णा धरणाच्या साठ्यापेक्षा हे बरंच कमी आहे. त्या पाण्यानं वाटेत झाडं, घरं, रेल्वेची इंजिनं, कारखान्यातली काटेरी तार, सगळं गोळा केलं. चारच्या थोडं पुढं ते जॉन्सटाऊनमध्ये पोचलं. गावाच्या टोकाला रेल्वेचा दगडी पूल होता. तो टिकला, पण सगळा मलबा त्याला अडकला, त्यात जिवंत माणसं अडकली, आणि संध्याकाळी तो मलबा पेटला.

२,२०९ मृत्यू. त्यात ९९ अख्खी कुटुंबं. ७०० हून जास्त मृतदेहांची ओळखच पटली नाही.

चूक कुणाची

क्लबवर दावे झाले, पण कोर्टात एक दमडीही भरावी लागली नाही. क्लबच्या नावावर मालमत्ता फारशी नव्हती, आणि हा दैवी कोप आहे हे म्हणणं चाललं. काही सभासदांनी मदतनिधीला पैसे दिले. कार्नेगी यांनी जॉन्सटाऊनला वाचनालय बांधून दिलं. पण ते दान होतं, भरपाई नव्हती. दोन्हींत फरक आहे.

इंजिनिअरांच्या राष्ट्रीय संघटनेनं चौकशी केली. तिचा अहवाल १८९१ मध्ये बाहेर आला. निष्कर्ष असा, की क्लबनं बदल केले नसते तरी धरण फुटलंच असतं. हे सव्वाशे वर्षं चाललं. २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी नव्यानं मोजमाप करून गणित मांडलं. माथा छाटल्यामुळे पाणी बाहेर टाकायची क्षमता मूळच्या जवळपास निम्मी झाली होती, असं त्यातून दिसलं. मूळ रचनेत मुख्य सांडव्याशिवाय एक आपत्कालीन वाट होती, ती माथा खाली आल्यावर निकामी झाली. म्हणजे गाडीवाटेची किंमत मोजता येते. ती मोजायला फक्त १२७ वर्षं लागली.

आता थोडा कायदा. कंटाळू नका, हा भाग थेट आपल्याकडं येतो.

साऊथ फोर्कच्या आधी इंग्लंडमध्ये असाच प्रश्न आला होता. रायलँड्स नावाच्या गिरणीमालकानं स्वतःच्या जागेत तळं केलं, पाणी शेजारच्या फ्लेचरच्या खाणीत घुसलं. १८६८ मध्ये निकाल लागला: धोकादायक वस्तू तुम्ही स्वतःच्या जागेत आणून साठवली आणि ती निसटली, तर जबाबदारी तुमची. मग १८७६ मध्ये दुसरी केस. एका बाईंच्या बागेत नाला अडवून केलेली शोभेची तळी होती. प्रचंड पावसात बांध फुटले आणि चार पूल वाहून गेले. कोर्ट म्हणालं, एवढा पाऊस म्हणजे दैवी घटना, बाई जबाबदार नाहीत.

या दोन्हींच्या मध्ये, १८७४ मध्ये, एक भारतीय केस आहे. मद्रास रेल्वे विरुद्ध कार्वेटीनगरचे जमीनदार. जमीनदारांच्या हद्दीतले दोन जुने तलाव फुटले आणि रेल्वेचं नुकसान झालं. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं जमीनदारांना सोडलं. का? तर हे तलाव जमीनदारांच्या हौसेचे नाहीत. शेती त्यांच्यावर चालते, ते राखणं जमीनदारांचं कर्तव्यच आहे, आणि त्यांनी निष्काळजीपणा केलेला नाही.

मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो. पाणी कशासाठी साठवलंय, हे त्यात विचारलंय. आजोबांचा बांध विहिरींसाठी होता. नाल्याखालच्या चार वावरांना त्याचा फायदा होता. तोच बांध बोटिंगसाठी झाला की खालच्यांच्या वाट्याला काय उरतं? फायदा वरच्याचा, धोका खालच्याचा.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानं पुढं, दिल्लीच्या ओलियम वायुगळतीच्या खटल्यात, डिसेंबर १९८६ मध्ये रायलँड्सचा नियम आणखी कडक केला. धोकादायक उद्योगाला दैवी कोपाची सबब चालणार नाही, असं म्हटलं. पण तो नियम धोकादायक उद्योगांसाठी. वावरातल्या बांधासाठी नाही.

२०२१ मध्ये धरण सुरक्षा कायदा आला. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, आपत्कालीन आराखडा, मालक खासगी कंपनी असली तरी जबाबदारी. चांगला कायदा आहे. पण तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो, किंवा १० ते १५ मीटरमधल्या काही ठरावीक धरणांना. साऊथ फोर्क त्यात बसलं असतं. आमचा बांध बसत नाही.

आणि लहान बांध म्हणजे लहान दुर्घटना, असं काही नसतं. चिपळूण तालुक्यातलं तिवरे आठवा. २ जुलै २०१९, रात्रीची वेळ. लहानसं सरकारी मातीचं धरण. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. वीसच्या आसपास माणसं गेली. त्या वेळच्या जलसंधारण मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर टाकला होता. क्लबनं पावसावर टाकला, आपण खेकड्यांवर.

परत वावरात

हे सगळं मी मोठ्या बाबांना बांधावरच सांगितलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "हे अमेरिकेचं आमाले कायले सांगतं? आपला बांध पन्नास साल झाले, काही झालं का?"

मी म्हटलं, "मोठे बाबा, खालून पाणी काढायचा पाइप कुठाय आपला?"

ते थांबले. "असंन तिकडं कुठंतरी."

पाइप कुठं आहे हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी आमच्या जुन्या सालदारांना विचारलं. आम्ही त्यांना दादा म्हणतो. आता सत्तरीला आलेत. ते काही न बोलता बांधाच्या पश्चिम टोकाला गेले, बेशरमाची झुडपं विळ्यानं कापली, आणि खाली झडपेची कुंडी निघाली. झडप गंजून जाम. दादा म्हणाले, "तुह्या आजानं बसवली होती. मी होतो तवा, सोळा-सतरा सालचा."

दादांचं घर कुठं आहे सांगू? बांधाच्या खाली, नाल्याच्या काठावर. त्यांचं, त्यांच्या मुलाचं आणि आणखी तीन घरं. मी लहानपणापासून तिथं चहा प्यायलोय. पण बांध आणि ती घरं एका नजरेत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. बांध आमच्या सातबाऱ्यावर आहे. ती घरं नाहीत. पण पाणी सातबारा वाचत नाही.

मोठे बाबा बराच वेळ तिकडं बघत होते. मग स्वतःच म्हणाले, "जाळी राहू दे. मासे गेले त गेले."

पुढचं खरं खरं सांगतो. सांडव्यातली काळी माती आणि बाभळी जेसीबीनं काढल्या, तो जवळपास दुप्पट रुंद झाला. माथ्याला हात लावला नाही. पाव्हण्यांनी गाड्या अलीकडंच लावायच्या आणि पायी जायचं. उन्हाळ्यात काळी माती फाटते, त्या भेगा मुरूम आणि पाणी घालून बुजवल्या. झडप मात्र तशीच आहे. ती काढायची तर कुंडी फोडावी लागते, खर्च आहे, आणि मोठे बाबा म्हणतात दिवाळीनंतर पाहू. दिवाळी झाली. मी परत विचारलंय. वेबसाइट अजून केलेली नाही. आधी झडप, मग वेबसाइट, असं मी सांगून ठेवलंय. आमच्यात सध्या थोडा अबोला आहे.

तुमच्यापैकी बरेच जण वीकेंडला अशा ठिकाणी जातात. तळ्याकाठचं फार्महाऊस, बोटिंग, फोटो. जा की. कापशीच्या तलावावर आम्हीही शाळेच्या सहलीला गेलोय. एकेकाळी अकोल्याला पाणी देणारा तो तलाव, पुढं सहलीचा झाला. कामाच्या पाण्यानं हौसेचं होण्यात वाईट काही नाही. फक्त पुढच्या वेळी खासगी तळ्यावर गेलात तर बोटीत बसण्याआधी मालकाला तीन गोष्टी विचारा: सांडवा कुठाय, मोकळा आहे का, आणि तळं खाली करायचं झालं तर कसं करता. आणि बांधावर उभे राहिलात की पाण्याकडं पाठ करून एकदा खाली बघा. तिथं कुणाची घरं आहेत ते.

जुलैमध्ये एका रात्री पातूरला खूप पाऊस झाला. मी पुण्यात होतो. अकरा वाजता फोन लावला. मोठ्या बाबांना नाही, दादांना. ते म्हणाले, "सांडवा चालू हाये. आवाज येते इथवर. झोप तू."

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.